वळिवड्याची माती, शेंकिएविचची टेकडी: एका छोट्या समारंभामागचं मोठं प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची मूठभर माती पोलिश लेखक शेंकिएविच यांच्या स्मृतिटेकडीत घालायची, असा एक साधा बेत होता; त्याचं काय झालं ते इथे सांगतोय. हे प्रकरण पोलंडमधल्या ओक्शेया या खेड्यातलं आहे, पण त्याची सुरुवात कोल्हापुरात झाली. यातल्या माणसांची आणि मंडळांची नावं दिलेली नाहीत, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. मी वॉर्सोत राहतो. दोन्ही बाजूंच्या पत्रव्यवहारात दुभाष्याचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे बहुतेक निर्णय होताना मी फोनवर नाहीतर समोर होतो.

हेन्रिक शेंकिएविच यांचं नाव पोलंडबाहेर ‘क्वो वादिस’ या कादंबरीमुळे आणि १९०५ च्या नोबेलमुळे माहीत असतं. पोलिश घरांत मात्र त्यांचा मान आहे तो सतराव्या शतकातल्या लढायांवर लिहिलेल्या तीन कादंबऱ्यांमुळे. त्या लिहिल्या गेल्या तेव्हा रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने वाटून घेतलेला पोलंड नकाशावर देश म्हणून उरलाच नव्हता. हरलेल्या लोकांना उभारी द्यायची म्हणून आपण हे लिहिलं, असं त्यांनी स्वतःच नोंदवलंय. शिवकालावरच्या कादंबऱ्या वाचत मोठ्या झालेल्या मराठी माणसाला यापेक्षा जास्त सांगायची गरज नाही.

त्यांचा जन्म ५ मे १८४६ चा, वोला ओक्शेस्का गावातल्या आजोळच्या वाड्यात. बाप्तिस्मा शेजारच्या ओक्शेयाच्या चर्चमध्ये झाला. मृत्यू १९१६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या वेवे इथे, ऐन महायुद्धात. देश स्वतंत्र झाल्यावर १९२४ मध्ये अवशेष वॉर्सोच्या सेंट जॉन कॅथेड्रलमध्ये आणले गेले. १९०० साली वाचकांनी वर्गणी काढून त्यांना दिलेला बंगला आहे तिकडे ओब्लेंगोरेकला, किएल्त्से शहराजवळ. म्हणजे समाधी राजधानीत आणि बंगला भलतीकडेच. जन्मगावच्या परिसरातल्या लोकांनी १९३२ ते १९३८ या काळात मातीची टेकडी रचली. ओक्शेया आणि वोला ओक्शेस्का यांच्या मधे, सपाट शेतांत, चार-पाच मजली घराएवढी ती आजही उभी आहे.

पोलंडमध्ये ही जुनी रीत आहे. क्राकूवमध्ये क्राकुस आणि वांदा या दंतकथेतल्या राजा-राजकन्येच्या नावाच्या टेकड्या शतकानुशतकं आहेत. १८२० ते १८२३ मध्ये तिथेच सेनानी कोशियुश्को यांच्यासाठी ३४ मीटर उंचीची टेकडी रचली गेली. रात्सुआवित्से, मात्सिएयोवित्से अशा त्यांच्या लढायांच्या ठिकाणची माती तीत घातली, आणि १९२६ मध्ये तर ते अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात जिथे लढले तिथलीही. मार्शल पिउसुद्स्की यांच्या टेकडीत तीन हजारांहून जास्त रणभूमींची माती आहे म्हणतात. थोडक्यात, लांबून माती आणून टेकडीत घालणं हा तिथे रुजलेला आणि मानाचा विधी आहे. पुढचं सगळं नाट्य यातूनच घडलं.

मागणी कुणाची होती

दुसऱ्या महायुद्धात, १९४३ पासून, कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती. पाच हजारांच्या आसपास माणसं होती, त्यांत बायका-मुलंच जास्त. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधून उचलून त्यांना सैबेरियात आणि कझाकस्तानात नेलं होतं. तिथून सुटका झाल्यावर इराणमार्गे ती भारतात पोहोचली. छावणीत चर्च होतं, शाळा होत्या. १९४८ पर्यंत ती रिकामी झाली, आणि फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची वस्ती तिथे झाली. आजचं गांधीनगर ते हेच. कापड खरेदीला तिथे जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं, देव जाणे.

या छावणीत लहानपण गेलेल्या एक आजी आता वॉर्सोजवळच्या एका गावात राहतात. वय नव्वदीला टेकलेलं. त्यांची आई छावणीच्या शाळेत शिकवायची. आजींच्या सांगण्याप्रमाणे, आईने मुलांना शेंकिएविच यांची ‘वाळवंटात आणि रानात’ ही १९११ ची कादंबरी तोंडी सांगितली होती, कारण पुस्तक हाताशी नव्हतं. इजिप्तमधून पळवून नेलेला एक पोलिश मुलगा आणि एक इंग्रज मुलगी आफ्रिका तुडवत घर शोधतात, अशी ती गोष्ट. घर गमावलेल्या मुलांपुढे ती गोष्ट कशी उतरली असेल हे वेगळं सांगायला नको. आजी म्हणतात, त्यांना तेव्हा वाटायचं की हत्ती आणि झाडं वळिवड्याचीच आहेत.

कोल्हापुरातल्या एका इतिहासप्रेमी मंडळाचा आजींशी पत्रव्यवहार होता. मंडळाची पोलंड सहल ठरली तेव्हा आजींनी एकच मागितलं: येताना वळिवड्याची मूठभर माती आणा, ती शेंकिएविचच्या टेकडीत घालूया.

मंडळाला हे लगेच भावलं. आपल्याकडे गडांवरची माती आणि नद्यांचं पाणी कलशात घालून नेण्याची रीत आहेच. २०२३ मध्ये ‘मेरी माटी मेरा देश’च्या निमित्ताने गावोगावची माती दिल्लीला गेलेलीही सगळ्यांनी पाहिली होती. तांब्याचा छोटा कलश विकत घेतला गेला. मंडळाचे ज्येष्ठ सदस्य, निवृत्त इतिहास शिक्षक, त्यांना सगळे सर म्हणतात, ते स्वतः माती आणायला गेले.

पहिला निर्णय: कुठली माती?

हा प्रश्न कुणाच्या ध्यानीमनी नव्हता. सरांच्या ओळखीच्या शेतकऱ्याने पंचगंगेकाठच्या उसाच्या रानातली काळीभोर माती पिशवी भरून दिली. सरांनी ती घरी आणली आणि रात्री त्यांनाच चैन पडेना. रान वळिवड्याच्या शिवारातलं खरं, पण छावणी तिथे नव्हती. छावणीच्या जागेवर आता घरं, दुकानं, गोदामं आणि काँक्रीटचे रस्ते. उघडी जमीन शोधायलाच त्यांना दोन सकाळी लागल्या. शेवटी एका जुन्या झाडाच्या बुंध्याशी, जुन्या नकाशात छावणीचा रस्ता दाखवलाय तिथे, ओंजळभर माती मिळाली. तीत खडी, काचेचा तुकडा आणि गुटख्याच्या पुडीचा कोपरा होता.

मंडळात दोन मतं पडली. स्वच्छ, देखणी उसाची माती न्यावी असं काहींचं म्हणणं. सर ठाम राहिले. माझ्या मते या प्रकरणातला हा सर्वांत नेटका निर्णय. वेळेवर झाला, ज्याला जागा माहीत होती त्याने घेतला आणि कारण एका वाक्यात सांगता आलं. पुढचे निर्णय असे झाले नाहीत.

अडचण

मंडळातले एक सदस्य तासगावकडचे, द्राक्षं युरोपला पाठवणारे. सहलीच्या महिना-दीड महिना आधी गटाच्या बैठकीत त्यांनी सहज विचारलं, “मातीचा फायटो कोण देणार?” द्राक्षाच्या प्रत्येक कंटेनरसोबत फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे माल रोग-किडीपासून मुक्त असल्याचा सरकारी दाखला जातो, त्या धंद्यात त्याला नुसता फायटो म्हणतात. त्यांचा समज असा की मातीलाही तसंच काही मिळत असेल.

मिळत नाही. युरोपीय संघाच्या वनस्पती आरोग्याच्या नियमांनुसार सेंद्रिय अंश असलेली माती स्वित्झर्लंड वगळता संघाबाहेरच्या कुठल्याच देशातून आणायला बंदी आहे. हे नियम सध्याच्या स्वरूपात डिसेंबर २०१९ पासून लागू आहेत, पण मातीवरची बंदी त्याच्याही आधीची. प्रमाणपत्र असतं ते अटींवर येऊ शकणाऱ्या मालाला. ज्याला दारच बंद, त्याला प्रमाणपत्र कसलं? सूट आहे ती संशोधनासाठी, तीही आधी परवाना काढून बंदिस्त प्रयोगशाळेत नेणार असाल तर. ‘मूठभर’ किंवा ‘भावनिक कारण’ असा रकाना त्यात नाही.

बंदी उगीच नाही. मातीतून सूत्रकृमी येतात, बुरशी येते, तणांचं बी येतं. बटाट्याचा बांगडी रोग ज्या जिवाणूमुळे होतो तो मातीत टिकतो, भारतात आहे आणि युरोपात त्याच्यावर कडक पहारा आहे. आपल्याकडे बांधाबांधावर माजलेलं गाजर गवत युरोपीय संघाच्या उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत आहे. ओक्शेयाच्या टेकडीभोवती शेतंच शेतं आहेत आणि बटाटा हे पोलंडच्या घराघरातलं पीक. द्राक्षवाल्यांनी हे ऐकलं आणि ते एकदम नियमाच्या बाजूचे झाले. तिकडून आपल्या बागेत असं काही आलं तर आपण काय म्हणू, हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता.

समोर आलेले पर्याय

गुपचूप नेणं हा पहिला. तो मांडला गेला, आणि बराच वेळ टिकला. कलश एवढासा, विमानतळावर कोण उघडतंय! एका सदस्याने विचारलं, “लोक अस्थी नेतात, तेव्हा कोण अडवतं?” अस्थी जळलेल्या असतात, त्यात जिवाणू उरत नाही, हे उत्तर मी फोनवर दिलं तेव्हा पलीकडे थोडी शांतता पसरली. पण हा पर्याय पडला तो वेगळ्याच कारणाने. समारंभाचे फोटो निघणार होते, कोल्हापूरच्या वर्तमानपत्रांत बातमी येणार होती. बेकायदा आणलेल्या मातीचा फोटो छापून कुणाची इभ्रत वाढणार? आजींची तर नक्कीच नाही.

माती निर्जंतुक करून नेणं हा दुसरा. मंडळातल्या मॅडम महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतात. ऑटोक्लेव्हमध्ये माती निर्जंतुक करून तसा दाखला द्यायची त्यांची तयारी होती. शास्त्राच्या दृष्टीने हे बरोबर. कायद्याच्या दृष्टीने ती मातीच राहते. सीमेवरचा निरीक्षक तुमच्या कॉलेजचा कागद पाहून नियम वाकवणार नाही, आणि त्याने तसं करावं अशी अपेक्षा धरणंही चूक. मॅडम नाराज झाल्या, पण त्यांनीच नंतर गटाला हे समजावून सांगितलं.

तिसरा, दगड. स्वच्छ धुतलेल्या दगडाला ही बंदी लागू नाही. पण वळिवड्याच्या सपाटीवर दगड म्हणजे कुठून तरी आणून टाकलेली खडी. छावणीच्या जुन्या बराकीच्या पायाचा दगड काढावा अशी सूचना आली, तेव्हा सर भडकले. आठवण जपायला निघालेल्यांनी उरलीसुरली खूण उचकटायची, हे त्यांना पटेना. योग्यच होतं.

चौथा पर्याय माझ्याकडून गेला: वॉर्सोत कोल्हापूरच्या छावणीचं स्मारक आहे, २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथे फुलं वाहिली, त्याच्या भोवतीची चिमूटभर माती घ्यावी. मी आजींना विचारलं. त्यांनी हसून उडवून लावलं. “बाळ, ती वॉर्सोची माती. ती मला माझ्या बुटांवरच मिळते.”

पाचवा पर्याय द्राक्षवाल्यांच्या पत्नीने सुचवला. त्या बैठकीला चहा घेऊन आल्या होत्या. “माती भाजा की. पणती न्यायला कुठं बंदी आहे?”

बंदी नाही. भाजलेली माती ही माती राहत नाही, ती भांडं होते. भट्टीच्या आचेत सेंद्रिय अंश जळून जातो, जिवंत काही उरत नाही. जगभर टेराकोटाच्या वस्तू पाकिटात घालून लोक नेतातच. नियम पाळला जात होता आणि वस्तू वळिवड्याचीच राहत होती. अर्ध्या तासात सगळ्यांचं एकमत झालं.

कुंभार गल्लीत

शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतल्या एका कारागिराकडे सर आणि मॅडम गेले. मॅडमनी मला व्हिडिओ कॉलवर घेतलं होतं, म्हणून हे मी पाहिलं.

कारागिराने माती तळहातावर घेतली, थुंकी लावून बोटाने मळली, नखाने ओढून पाहिली. खडी बाजूला काढली. मग म्हणाला, “सर, ही नुसती भाजायची म्हणताय, तर तडकणार बघा. काळी हाय. पाणी पिती तवा फुगती, सुकली की आकसती. भट्टीत दम धरायची न्हाई.”

“मग?”

“माझी माती दोन वाटं, तुमची एक वाटा. थोडी राख, थोडी बारीक वाळू. मग जमंल.”

इथे पुन्हा वाद. एका सदस्याचं म्हणणं, दोन वाटे परकी माती घातली तर ती वळिवड्याची कशी राहील? कारागिराला आग्रह करून एक चकती निव्वळ काळ्या मातीची करायला लावली. ती सुकतानाच मधोमध फाटली. मिश्रणाच्या चार चकत्या झाल्या, तळहातात मावतील एवढ्या, मागे काडीने फक्त ‘वळिवडे’ कोरलेलं. भट्टीतून दोन धड निघाल्या.

मिश्रणाला हरकत घेणाऱ्या सदस्याने शेवटपर्यंत मान्य केलं नाही. त्यांचा मुद्दा मला आजही पूर्ण खोडता येत नाही. पण कोशियुश्को किंवा पिउसुद्स्की यांच्या टेकड्यांत तरी काय आहे? रणभूमीची माती मूठमूठ, बाकी सगळा भराव आसपासचाच. प्रमाण पाहिलं तर कुठलीच स्मृतिटेकडी टिकणार नाही. चकतीला कारागिराने पैसे किती सांगितले हे सरांनी मला सांगितलं नाही. घेतले नाहीत असा माझा अंदाज आहे.

उशिरा विचारलेला प्रश्न

सहलीला तीन आठवडे राहिले होते. तिकिटं, व्हिसा, चकत्या, सगळं झालं होतं. तेव्हा मॅडमनी विचारलं, “टेकडीवाल्यांना कळवलंय ना?”

कळवलं नव्हतं. आजी म्हणाल्या म्हणजे झालं, असं कोल्हापूरने धरलं होतं. आजींना वाटत होतं की एवढी लांबून माणसं येतायत म्हणजे रीतसर ठरवूनच येत असतील. कायद्यावर इतका खल झाला, पण टेकडी ज्यांची, त्यांना कुणी विचारलंच नाही. मी ओक्शेयाकडच्या एका स्थानिक मंडळाला लिहिलं. उत्तर चार दिवसांत आलं आणि सौजन्याने भरलेलं होतं: जरूर या, फुलं वाहा, वाचन करा, आम्हीही येऊ. टेकडीत मात्र काही पुरू नका.

कारणं व्यवहारी होती. मातीच्या टेकडीचा खरा वैरी पाणी. उतारावर गवताचा थर धरून असतो. तिथे खड्डा केला, भले वीतभर, की पावसाचं पाणी तिथून आत शिरतं आणि हिवाळ्यात गोठून माती उचलतं. क्राकूवच्या कोशियुश्को टेकडीचे उतार १९९७ च्या अतिवृष्टीत घसरले आणि दुरुस्तीला अनेक वर्षं गेली, हे पोलंडमध्ये टेकड्या सांभाळणाऱ्या कुणाच्याही डोक्यातून जात नाही. शिवाय एकाला हो म्हटलं की दुसऱ्याला नाही कसं म्हणायचं? शेंकिएविचवर प्रेम करणारे जगभर आहेत.

कोल्हापूरहून उलट सूचना गेली: पुरत नाही, नुसती गवतावर ठेवतो. त्यावरचं उत्तर एका ओळीचं होतं आणि मला फार आवडलं. गवत यंत्राने कापतात. चकती पात्याखाली येईल, किंवा पातं चकतीवर.

मंडळातले काही जण हिरमुसले. एकाने तर लिहिलं की मग जायचंच कशाला. सरांनी याच वेळी एक वेगळा मुद्दा काढला, जो खरं तर अगदी सुरुवातीला यायला हवा होता. शेंकिएविच १९१६ मध्ये गेले, छावणी १९४३ ची. त्यांचा वळिवड्याशी संबंध काय? संबंध ओढूनताणून लावायचा तर लागतो: पहिल्या महायुद्धात वेवेमध्ये राहून त्यांनी पियानोवादक पादेरेव्स्की यांच्यासोबत पोलंडमधल्या युद्धग्रस्तांसाठी मदत समिती चालवली, त्यामुळे निर्वासितांच्या दुःखाशी त्यांचं नाव जोडणं गैर नाही. पण सरांना हे पुरेसं वाटेना. त्यांच्या मते खरा धागा लेखकाकडून येतच नव्हता. तो येत होता छावणीच्या शाळेत पुस्तकाशिवाय गोष्ट सांगणाऱ्या एका बाईकडून, म्हणजे आजींच्या आईकडून.

मी हे आजींना जसंच्या तसं सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, चकती माझ्याकडे आणा, मी बघते काय करायचं ते.

प्रत्यक्षात काय झालं

मे महिन्यात मंडळी आली. विमानतळावर चकत्या सरांच्या हातातल्या पिशवीत, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी लपवण्यासारखं काही नव्हतं, आणि त्या निवांतपणाची किंमत सहलभर जाणवत राहिली.

आधी वोला ओक्शेस्काचं संग्रहालय. जुन्या वाड्याच्या आवारातल्या इमारतीत ते १९६६ पासून आहे. तिथून टेकडी. आजींचे गुडघे वर चढण्याजोगे नव्हते हे तिथे पोहोचल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं. खुर्चीत बसवून उचलून नेऊ, असं कोल्हापूरच्या तरुणांनी ठरवलंसुद्धा; पन्हाळ्यावर म्हाताऱ्यांना असंच नेतात म्हणे. आजींनी साफ नकार दिला. मग वाचन पायथ्याशीच झालं. आजींच्या नातीने कादंबरीतला उतारा पोलिशमधून वाचला, मी मराठीत त्याचा सारांश सांगितला, वाऱ्याने निम्मा उडून गेला. स्थानिक मंडळी घरचा केक घेऊन आली होती, कोल्हापूरकरांनी शेंगदाण्याची चटणी आणि भाकरीचा तुकडा पुढे केला, आणि चटणीने पाणावलेल्या डोळ्यांची चर्चा उताऱ्यापेक्षा जास्त झाली. सर आणि दोघे-तिघे टेकडीवर जाऊन आले. टेकडीत काही पुरलं नाही.

चकती आजींनी पिशवीत घातली आणि दुसऱ्या दिवशी नातीला घेऊन आईच्या कबरीवर नेली. पोलंडमधल्या कबरींवर कुटुंबाने ठेवलेल्या छोट्या पाट्या, मेणबत्त्यांचे दिवे, फुलांची भांडी असतातच. तिथे भाजक्या मातीची एक चकती ठेवायला कुणाची परवानगी लागली नाही. मी तिथे नव्हतो. नातीने फोटो पाठवला: काळ्या ग्रॅनाइटवर लालसर तुकडा, देवनागरीत ‘वळिवडे’, शेजारी लाल काचेचा दिवा.

वेगळं काय करता आलं असतं

विचारण्याचा क्रम उलटा हवा होता. आधी स्मारक सांभाळणाऱ्यांना एक पत्र, मग कायदा, मग कलश. ते पत्र पहिल्या आठवड्यात गेलं असतं तर मातीच्या निर्जंतुकीकरणावरची सगळी भांडणं टळली असती. चकती तरीही झाली असती का? मला शंका आहे. ती झाली ती अडचणीमुळेच.

आजींशी बोलणं पूर्ण वेळ माझ्यामार्फत किंवा पत्रातून होत होतं, आणि प्रत्येक वेळी प्रश्न ‘माती कशी आणायची’ असाच होता. ‘तुम्हाला ती तिथे का हवी आहे’ हे सरांनी शेवटी, तेही आडून विचारलं. ते आधी विचारलं असतं तर कबरीचा पर्याय कोल्हापुरातच समोर आला असता आणि कदाचित सगळं मंडळ तिथे हजर राहिलं असतं. अर्थात, आजींना ते रुचलं असतं का हाही प्रश्नच. त्यांनी कुणालाही बोलावलं नव्हतं.

गुडघ्यांचं तर कुणीही विचारू शकलं असतं. टेकडी म्हटल्यावर चढ आलाच. नव्वदीच्या माणसाला मध्यभागी ठेवून कार्यक्रम आखताना पायथ्याशी खुर्च्या आणि आडोसा ठेवायला हवा होता. वाऱ्यात आजी तासभर बसून होत्या.

नियमाबाबत मात्र जे झालं ते बरोबर झालं, आणि त्याचं श्रेय द्राक्षवाल्यांना. मंडळात निर्यातीचा धंदा करणारा एखादा माणूस नसता तर तो कलश नक्की पोलंडला गेला असता.

सध्याची स्थिती

तांब्याचा कलश सरांच्या घरी देव्हाऱ्यात आहे, त्यातली माती परत त्याच झाडाच्या बुंध्याशी टाकली. दुसरी चकती मंडळाच्या कपाटात आहे. वळिवड्याला कायमची कुठे ठेवायची यावर एकमत झालेलं नाही.

दरम्यान, सहलीतल्या एका सदस्याने ओक्शेयाची मूठभर माती कोल्हापूरला आणायची इच्छा नातीला कळवली. द्राक्षवाल्यांनी गटावर लगेच लिहिलं की भारतातही २००३ च्या वनस्पती विलग्नवास (क्वारंटाइन) आदेशानुसार परदेशी माती परवान्याशिवाय आणता येत नाही. नातीचं उत्तर आलंय: तिच्या गावात कुंभार नाही, पण जवळच्या शहरात भट्टी असलेल्या एका शिक्षिकेचा पत्ता तिने मिळवलाय. माती कुठून घ्यायची, हे मात्र या वेळी आधी ओक्शेयाच्या मंडळाला विचारायचं ठरलंय.